अंगणात बारा महिने काहीतरी फुललेलं हवं: काळी माती, नवतपा आणि वांदरं धरून सांगा

ओसरी
नमस्कार मंडळी, वाचत असते नेहमी, धागा पहिल्यांदाच काढतेय. आमचं घर आर्वी तालुक्यात, गावाच्या टोकाला. पुढे साधारण ३० बाय २० फुटांचं अंगण, मागे सांदवाडी (परसबाग). माती भारी काळी, म्हणजे उन्हाळ्यात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा आणि पावसाळ्यात पाय टाकला की चप्पल तिथंच राहते. बोअरला मार्चपर्यंत चांगलं पाणी असतं, मग एप्रिल-मेमध्ये दिवसाआड दोन-तीन ड्रम, त्यातच घर, जनावरं आणि झाडं.

कारण सांगते. मामाजींना (माझे सासरे) मागच्या दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. बोलणं बऱ्यापैकी परत आलंय, चालणं नाही. सकाळी सातला त्यांना ओसरीत खुर्चीवर बसवतो ते जेवणापर्यंत तिथंच. पन्नास वर्षं रोज पहाटे वावर पाहणारा माणूस आता समोरची भिंत बघत बसतो, मला ते पाहवत नाही. त्या खुर्चीतून बारा महिने काहीतरी फुललेलं, हलणारं, रंगाचं दिसावं एवढीच इच्छा आहे.

मागच्या डिसेंबरात तालुक्याहून पेटुनिया, डायन्थसच्या पंधरा कुंड्या आणल्या होत्या. दोन महिने अंगण नुसतं झळाळत होतं, मामाजी माझ्या पोराला एकेक रंग मोजून दाखवायचे. मार्च संपता संपता सगळ्या वाळल्या आणि मे महिनाभर समोर रिकाम्या कुंड्या. सध्या शिल्लक म्हणजे एक जास्वंद, थोडी सदाफुली, तुळस, मोगऱ्याची दोन झाडं. पाऊस पडायच्या आत ठरवायचंय. काय लावू, कोणत्या महिन्यात काय येईल? रोज सकाळी अर्धा तास देऊ शकते.

पऱ्हाटीवाला
ताई, मनापासून इचारलं तुम्ही, म्हून मीबी नीट सांगतो. फुलझाडं म्हटलं की लोकं हिवाळ्याचीच रोपं आणतेत. पण आपल्या विदर्भात हिवाळा सोपा हाय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काहीबी लावा, फुलते. आपल्याकडं वर्षात दोन खड्डे पडतेत. एक १५ मेपासून पहिल्या पावसापर्यंत, त्यातच २५ मेपासून नवतपा, म्हंजे कडक उन्हाचे नऊ दिवस. दुसरा पोळ्याच्या आधीची झड, तवा काळ्या मातीत पाणी साचते अन् नाजूक झाडाची मुळी सडते. हे दोन खड्डे आधी बुजवा, बाकीचे महिने आपोआप जमते.

उन्हाचा खड्डा झाडानं बुजते, कुंडीनं नाही. बहावा, गुलमोहर, चाफा. त्याची मुळी खाली गेलेली असते, वरून किती तापलं तरी तो फुलते. झडीचा खड्डा बुजवायले तेरडा, गुलबक्षी, कर्दळ, सोनटक्का. तेरडा तं एकदा लावला की दरसाल आपल्या मनानं उगवते.

पळसपान
+१ दोन खड्ड्यांच्या मुद्द्याला. एवढं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

फक्त बहावा-गुलमोहर बियांपासून लावला तर फुलायला बरीच वर्षं जातात, आणि ओसरीच्या मामाजींना पुढच्याच मे महिन्यात रंग दिसायला हवाय. म्हणून मोठी झाडं लावाच, पण सोबत लवकर फुलणारी लावा. संकासूर बी टाकून साधारण वर्षभरात फुलतो, लाल-पिवळा, त्यावर शिंजीर येतात (तो इवलासा चमकदार पक्षी, लांब वाकड्या चोचीचा). पिवळा टेकोमा पण तसाच. तुम्ही "हलणारं" असं लिहिलंय ना, तर हे दोन खुर्चीच्या अगदी समोर लावा. फुलापेक्षा पक्षी बघण्यात माणूस जास्त वेळ रमतो.

विहिरीवरची
चाफ्याचं बी नको, फांदी आणा. पांढरा असो की लाल, चांगली हातभर लांब, जाड फांदी, शक्यतो जिला आधी फूल येऊन गेलंय अशी. कापल्यावर लगेच पुरायची नाही, चीक सुकेपर्यंत पाच-सहा दिवस सावलीत टाकून ठेवायची, नाहीतर बूड सडतं. आमच्या आत्याबाईंनी अशीच लावलेली फांदी दुसऱ्या उन्हाळ्यात फुलली. हिवाळ्यात चाफा सगळी पानं टाकतो तेव्हा मेला समजून उपटू नका, माझ्या जावेनं उपटला होता.

वऱ्हाडी_ठेचा
सगळं खरं हाय राजेहो पण वांदराचं काय करता? आमच्या गावात सकाळी आठला टोळी येते. जास्वंदाची कळी म्हणजे त्याईचा पेढा. माह्या मायनं तीन वर्षात जास्वंदाचं एक फूल देवाले वाह्यलं नाही 😀

पऱ्हाटीवाला
@वऱ्हाडी_ठेचा भाऊ, ज्या झाडाले चीक नाहीतर कडूपणा हाय ते वांदर अन् बकरी दोघंबी सहसा सोडून देतेत. चाफा, कण्हेर, सदाफुली. कोरांटीले काटे हायेत. कुंपणाच्या बाजूनं हेच लावाचं अन् जास्वंद घराच्या भिंतीले लागून, जिथं माणसाची ये-जा हाय.

मायेची_सावली
कण्हेरीबद्दल एक कळकळीची विनंती. पान, फांदी, फूल, बी सगळं विषारी आहे, माणसालाही आणि जनावरालाही. आमच्याकडे छाटलेल्या फांद्या चुकून गोठ्याजवळ पडल्या, ओल्या फांदीला गाय तोंड लावत नाही पण वाळलेली पानं कुटारात (मळणीनंतरच्या भुशात) मिसळून खाल्ली गेली. गाय वाचली नाही. मी अजूनही कण्हेर लावते, उन्हाळ्यात तिच्यासारखं फुलणारं झाड नाही, पण छाटणी लगेच उचलून खड्ड्यात पुरते आणि पोरांना हात धुवायला लावते. घरात लहान मूल आणि जनावरं आहेत म्हणून ओसरी तुम्हाला मुद्दाम सांगतेय.

ओसरी
@मायेची_सावली वाचून पोटात कालवलं. बरं झालं सांगितलंत. मग कण्हेर मी रस्त्याकडच्या कोपऱ्यातच लावेन, गोठ्याच्या बाजूला नाही.

कलमवाला
माझी छोटी रोपवाटिका आहे म्हणून मातीबद्दल बोलतो. बाहेरून ट्रकनं येणारी बरीच रोपं लाल चिकट मातीच्या गोळ्यात असतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला की मुळ्या गोळ्याच्या बाहेर पडतच नाहीत. वरून हिरवं दिसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात जातं. लावायच्या आधी गोळा अर्धा तास पाण्यात ठेवा, कडेची माती बोटांनी हळूच मोकळी करा, गोल फिरलेल्या मुळ्या सोडवा. आणि मे महिन्यात काहीही लावू नका, दोन चांगले पाऊस होऊ द्या.

काळ्या मातीत खड्डा करून झाड लावणं म्हणजे त्याला हौदात उभं करणं. फुलझाडांना एक फूट उंच गादीवाफा करा. काळी माती, शेणखत, थोडी वाळू.

कुटार
वाळूला माझा विरोध. भारी काळ्या मातीत दोन-चार घमेली वाळू टाकली तर माती वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते, मी स्वतः करून पाहिलंय, पुढे टिकावानं फोडावी लागली. फरक पडायला अर्ध्याच्या वर वाळू लागेल, एवढी कोण आणणार. त्यापेक्षा सोयाबीनचं नाहीतर तुरीचं कुटार भरपूर मिसळा, कुजलेलं शेणखत टाका. दरवर्षी टाका कारण ते मातीत जिरून जातं. तिसऱ्या वर्षी माती हातात भुगा होते.

कलमवाला
मी कुंडीच्या हिशेबानं बोललो, जमिनीसाठी तुमचं बरोबर आहे. पण गादीवाफा एक फूट उंच हवा हे कायम ठेवा.

झाडीपट्टी
आमच्या गडचिरोलीकडे पाऊस तुमच्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळे आमचा खड्डा मे-जूनचा कमी आणि ऑगस्टचा मोठा. पण एक झाड सुचवायचा मोह आवरत नाही, ताम्हण. आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल आहे, आमच्याकडे नदीनाल्याच्या काठाला आपोआप येतं आणि ऐन मे महिन्यात जांभळ्या तुऱ्यांनी भरतं. नाल्याकाठचं असल्यामुळे पावसाळ्यात पाय ओले राहिले तरी त्याला चालतं. बहाव्याचं पिवळं, गुलमोहराचं लाल आणि ताम्हणाचं जांभळं, तीन झाडं एका रांगेत असली तर नवतप्यात घरातून बाहेर यावंसं वाटतं.

पोळ्याला दारात पळसाचे मेढे (फांद्या) लावतो आपण, तेव्हा माझी आजी म्हणायची की फांदी तोडता तर एक बी पण टाका. आमच्या बांधावरचे सहा पळस तिच्याच हातचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पान एक नसतं आणि सगळा बांध केशरी. ओसरीतून बांध दिसतो का हो तुमचा? दिसत असेल तर बाग अंगणात संपायची काही गरज नाही.

ओसरी
@झाडीपट्टी भिंत चार फूट आहे, खुर्चीतून पलीकडच्या बांधाचा शेंडाच दिसतो. पण पळस उंच होतो! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

खारपाणी
दर्यापूर तालुका. आमचा पूर्णेकाठचा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी खारट, त्यामुळे वरच्या अर्ध्या याद्या आम्हाला उपयोगाच्या नाहीत. माझा अनुभव लिहितो, कुणाला तरी कामी येईल. गुलाब चार वेळा लावला, चारही वेळा पानांच्या कडा जळून गेला. टिकलं काय तर बोगनवेल, कण्हेर, सदाफुली आणि ऑफिस टाईम (चिनी गुलाब म्हणतात तेच). आता टिनावरचं पावसाचं पाणी १००० लिटरच्या दोन टाक्यांमध्ये धरतो आणि ते फक्त मोगरा आणि शेवंतीला देतो. पावसाळ्यात मातीवर साचलेलं मीठ धुऊन जातं, म्हणून नवीन लागवड सगळी जुलैतच.

आणि बोगनवेलीला पाणी कमी द्या. लोक लाडानं रोज पाणी घालतात आणि मग नुसती पानं येतात म्हणून तक्रार करतात. जरा ताण बसला की ती रंगते. रंग दिसतो ती फुलं नसतातच, पानं असतात, खरं फूल आतलं पांढरं बारीक.

वऱ्हाडी_ठेचा
हे मले आज समजलं की बोगनवेलीचं फूल आतमधी असते. पस्तीस वर्षं पाहून राह्यलो!

रातकिडा
ओसरी, रातराणी पण लावा, संध्याकाळी मामाजींना वास येईल. फक्त आमच्याकडे म्हातारे लावू देत नाहीत, साप येतो म्हणतात.

विहिरीवरची
आमच्याकडेही हाच वाद. साप वासाला येत नाही, झुडूप दाट आणि खाली पाचोळा असला की बेडूक-उंदीर येतात आणि त्यांच्यामागे साप. मग ते झुडूप रातराणीचं असो की आणखी कशाचं. खालून दीड-दोन फूट फांद्या छाटून बूड मोकळं ठेवा आणि खुर्चीपासून लांब लावा. चालता न येणारा माणूस ओसरीत बसतो म्हणून मी तरी कुठलंच झुडूप पायरीजवळ लावणार नाही.

पळसपान
सहमत. पायरीजवळ मोगरा कुंडीतच बरा. मोगऱ्याचं पण सांगून ठेवते, डिसेंबरात त्याचं पाणी तोडायचं, जानेवारीच्या सुरुवातीला छाटायचा, शेणखत देऊन मग पाणी सुरू करायचं. मार्चपासून मे संपेपर्यंत कळ्या मिळतात. न छाटलेला मोगरा नुसता लांब वेलासारखा वाढतो.

कुटार
पाण्याचं राहिलं. दिवसाआड तीन ड्रममध्ये ३० बाय २० चं अंगण पाटानं भिजत नाही, त्यामुळे मडकी पुरा. न भाजलेलं नको, साधं भाजलेलं मडकं, रंग न लावलेलं, गळ्यापर्यंत मातीत पुरून भरून ठेवायचं आणि वर झाकण. पाझरून फूट-दीड फुटाच्या आतली झाडं जगतात, दोन-तीन दिवसांनी भरलं तरी चालतं. मी दर उन्हाळ्यात गेल्या वर्षीचे पिण्याचे माठ बागेत पुरतो. आणि वाफ्यावर चार बोटं कुटार पसरा, मग भेगा पडत नाहीत. भेग पडली की मुळी तुटते, उन्हापेक्षा जास्त झाडं त्यानं मरतात.

न्हाणीचं पाणी वाया जात असेल तर तिथं कर्दळ आणि सोनटक्का, दुसरं काही नको.

हिरवी_चटणी
माझ्या जास्वंदीची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहतात, पांढरा कापसासारखा पिठ्या पण आहे. इथंच विचारते, ओसरीलाही जास्वंद आहे म्हणून.

कलमवाला
दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं, ही लोहाची कमतरता. आपल्या जमिनीत चुनखडी जास्त, लोह असूनही झाडाला मिळत नाही, संत्र्याच्या बागेत दिसतं तेच हे. मातीत टाकून उपयोग कमी, हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम, त्यात थोडा लिंबाचा रस, संध्याकाळी पानांवर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा एकदा.

पिठ्या ढेकूण येणारच, कारण जास्वंद, भेंडी आणि पऱ्हाटी (कापूस) एकाच कुळातली. वावर जवळ असेल तर ये-जा चालू राहते. आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा, मग ५ टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम निंबोळीचा भुगा रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण. मुंग्या दिसल्या तर त्यांचा बंदोबस्त करा, त्याच त्याला या झाडावरून त्या झाडावर नेतात. गाजरगवत उपटून टाका, त्यावरही तो राहतो.

ओसरी
सगळ्यांचे खूप आभार, वहीत उतरवून घेतलं. मामाजींना वाचून दाखवलं तर त्यांनी सगळ्यात आधी कुटार आणि वाळूच्या भांडणात निकाल दिला: "कुटारवाला बरोबर हाय." मग म्हणाले पुढची रांग उंच नको, रस्त्यानं कोण चाललं ते दिसलं पायजे.

तर असं ठरलंय. भिंतीपाशी ताम्हण आणि बहावा, बांधावर पळसाचं बी. मधे संकासूर, टेकोमा, चाफ्याच्या दोन फांद्या शेजारच्या गावाहून मिळतायत. भिंतीवर गोकर्ण आणि बोगनवेल. वाफ्यात आता तेरडा, गुलबक्षी, ऑगस्ट लागला की दसऱ्यासाठी झेंडूचं रोप, आणि शेवंती. पारिजातक खुर्चीच्या उजव्या हाताला, सकाळी सातला सडा पडलेला दिसेल असा.

पऱ्हाटीवाला
पारिजातकाची जागा लय भारी निवडली. झेंडू महिन्याचा झाला की शेंडा खुडजा, मंग फांद्या फुटतेत अन् फुलं दुप्पट.

ओसरी
(नोव्हेंबर) धागा वर आणतेय. तेरड्यानं श्रावण-भादवा सांभाळला, झेंडूनं दसरा केला, तोरण आमच्याच अंगणातलं होतं. पारिजातक अजून लहान पण पंधरा-वीस फुलं तरी रोज पडत होती, मामाजी मोजायचे. अडचण शेवंतीची. एकाच दिवशी लावलेले दोन वाफे, ओसरीच्या बाजूच्याला कळ्या भरपूर, रस्त्याच्या बाजूच्याला एकही नाही. माती तीच, खत तेच.

कलमवाला
रस्त्याच्या बाजूला खांबावर दिवा आहे का?

ओसरी
आहे! पांढरा एलईडी, दिवाळीआधीच... नाही, ऑगस्टमध्ये बसवला, रात्रभर चालू असतो.

कलमवाला
मग तेच. शेवंती रात्र मोजते. रात्र लांब झाली, सलग अंधार मिळाला की कळी धरते. रात्रभर उजेड पडला तर तिला वाटतं दिवस अजून मोठेच आहेत. नाताळात दिसते ती लालपत्ती पण अशीच. संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत उजेड अडवा, अजूनही जानेवारीत फुलं मिळतील.

ओसरी
मामाजींना सांगितलं तर ते म्हणाले दिवा बंद करू नका, बायामाणसांना रात्री रस्त्यानं जावं लागते. वाफ्याच्या त्या बाजूला चार तुराट्या रोवा आणि पोतं बांधा. तेच केलं. गाठ कशी मारायची ते पोराला खुर्चीतूनच सांगत होते, तीन वेळा सोडून बांधायला लावली.

हिरवी_चटणी
माझ्या जास्वंदीला हिराकसानं नवीन पानं हिरवी आली. आधी लिहायचं राहून गेलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा
अन् माह्या मायनं या वर्षी जास्वंदाची सात फुलं वाह्यली. भिंतीजवळ लावला, कुत्रं बसते तिथं 🙏

पळसपान
ओसरी, शेवंतीचं काय झालं ते सांगा. आणि खरा पेपर मे महिन्यात, तेव्हा नक्की लिहा.

ओसरी
(मे) शेवंती १२ जानेवारीला उघडली, पिवळी, उशिरा का होईना.

आज २७ मे. दुपारी पारा ४५ वर होता. मडकी दोन दिवसांनी भरतेय, कुटार पसरलेलं आहे, भेगा फक्त वाफ्याच्या बाहेर आहेत. एक चाफा जून लागायच्या आत जाईल असं वाटतंय, त्याचं बूड मऊ पडलंय. पण दुसऱ्याला परवा तुरा आला, आज तीन फुलं उघडली. संकासूर दोन हात उंच झालाय आणि त्याला पहिला लाल घोस. मामाजींनी सकाळी खुर्ची डावीकडे सरकवायला लावली, ओसरीचा खांब आड येत होता.